घेतलेली मेमरी परत करताना

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एखाद्या ड्रायव्हरने मागून घेतलेली मेमरी काम संपल्यावर परत केली नाही आणि तिचा पत्ताही हरवला, तर त्या प्रकाराला मेमरी लीक म्हणतात. मराठीत साधा शब्द गळती. पाण्याची गळती निदान भिंतीवर ओल धरते. इथे काहीच सांडत नाही. मेमरी चिपमध्ये जागच्या जागी शाबूत असते. पण कर्नलच्या हिशेबात ती कोणाला तरी दिलेली आहे आणि ज्याला दिली त्याच्याकडे तिचा पत्ता उरलेला नाही. त्यामुळे संगणक बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत ती कोणाच्याच कामाची राहत नाही.

साध्या प्रोग्रॅमच्या गळतीपेक्षा ड्रायव्हरची गळती वाईट का, हे मेमरीचा हिशेब कोण ठेवतो त्यावरून कळते. लग्नघरी भांडी भाड्याने आणतात ती मोजून आणतात आणि मोजून परत करतात. ब्राउझर किंवा शब्दलेखनाचा प्रोग्रॅम हा असा एक लग्नघरवाला आहे. त्याने परत करण्यात हयगय केली तरी तो बंद होताच कर्नल स्वतः येऊन त्याच्या नावावरची सगळी भांडी उचलून नेते. ड्रायव्हर मात्र कर्नलच्याच घरातला माणूस. वाय-फायची चिप, प्रिंटर, कॅमेरा, हार्ड डिस्क यांच्याशी बोलणारा हा कोड कर्नलच्या पोटात, कर्नलच्याच अधिकाराने चालतो. त्याने घेतलेल्या मेमरीवर देखरेख करणारा वरचा कोणी नसतो. ड्रायव्हर काढून टाकला तरी त्याची विसरलेली भांडी परत येत नाहीत.

लिनक्सचे कर्नल लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केले आणि ते मुख्यतः सी भाषेत लिहिलेले आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये घडवलेल्या या भाषेत मेमरीची झाडलोट आपोआप होत नाही. लिनक्समध्ये ड्रायव्हर लहान मेमरी मागतो ती ‘के-मॅलॉक’ या फंक्शनने आणि परत करतो ती ‘के-फ्री’ने. मागे स्लॅब नावाची व्यवस्था असते. मुळात जेफ बॉनविक यांनी सन कंपनीच्या सोलारिससाठी मांडलेली ही कल्पना १९९४ मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक यंत्रांवर ४,०९६ बाइटचे असणारे मेमरीचे पान घ्यायचे, त्याचे ठरावीक मापाचे तुकडे पाडायचे आणि मागेल त्याला पुरेसा तुकडा द्यायचा, अशी ती रीत. १०० बाइट मागितले तर १२८ चा तुकडा मिळतो. म्हणून गळतीही मागणीच्या नव्हे, तुकड्याच्या मापाने होते.

तुकडा लहान म्हणून गळती लहान ठरत नाही. नेटवर्क ड्रायव्हर ६४ बाइटचा एक तुकडा सेकंदाला शंभर वेळा विसरला, तर दिवसाला सुमारे ५५ कोटी बाइट, म्हणजे अर्ध्या जीबीहून अधिक मेमरी जाते. १२८ एमबी मेमरीच्या घरगुती राउटरचा जीव या वेगाने सहा तासांत संपतो. हीच गळती दिवसाला एकदा होत असेल, तर ती कोणाला जन्मभर दिसणार नाही. थेंबे थेंबे तळे साचते तसे ते थेंबाथेंबाने आटतेही, आणि आटणारे तळे काठावरून पटकन दिसत नाही.

या संथपणाचे एक दुःखद उदाहरण लंडनचे आहे. तिथल्या रुग्णवाहिका सेवेने २६ ऑक्टोबर १९९२ रोजी गाड्या पाठवण्याची संगणकीय यंत्रणा पूर्णपणे सुरू केली आणि ४ नोव्हेंबरच्या पहाटे ती ठप्प झाली. गाडी पाठवण्याची नोंद झाली की सर्व्हरची थोडीशी मेमरी अडकून राही; दुरुस्तीच्या ओघात सुमारे तीन आठवडे आधी मागे राहून गेलेला कोड त्याला कारण होता. तो ड्रायव्हर नव्हता, पण रीत तीच. चूक एका दिवशी होते आणि यंत्रणा कोसळते ती भलत्याच दिवशी. त्या दिवशी जो कोड चालू असतो त्याच्यावर आळ येतो.

ड्रायव्हरमध्ये गळती बहुधा नेमकी कुठे असते, याला एक ठाम उत्तर देता येते: अपयशाच्या वाटेवर. उपकरण जोडले की कर्नल ड्रायव्हरचे ‘प्रोब’ हे फंक्शन बोलावते. ते आधी स्वतःच्या नोंदींसाठी मेमरी घेते, मग उपकरणाशी देवघेव करण्याचे बफर घेते, मग उपकरणाला प्रोसेसरचे लक्ष वेधता यावे म्हणून इंटरप्टची ओळ मागते आणि शेवटी कर्नलकडे नाव नोंदवते. सगळे सुरळीत झाले तर काहीच गळत नाही. तिसरी पायरी फसली तर मात्र पहिल्या दोन पायऱ्यांवर घेतलेले सगळे परत करून मगच मागे फिरायला हवे. ही वाट प्रोग्रॅमर क्वचितच चालून पाहतो, कारण त्याच्या टेबलावरचे उपकरण धडधाकट असते. ‘एरर आली, परत जा’ अशी एक ओळ तो लिहितो आणि ती वाचायला अगदी निर्दोष दिसते.

मार्वेल कंपनीच्या वाय-फाय चिपसाठी लिनक्समध्ये असलेल्या ड्रायव्हरचे उदाहरण घेता येईल. चिपकडून येणाऱ्या घटनांसाठी त्यात बफरांचे एक वर्तुळ तयार केले जाते. प्रत्येक फेरीत ड्रायव्हर नवा बफर घेतो आणि चिपला तो थेट वाचता-लिहिता यावा म्हणून त्याचा पत्ता जोडून देतो. हे जोडणे फसले तर फंक्शन उणे एक हा आकडा देऊन परत फिरत असे. नुकताच घेतलेला बफर तसाच राही. तो अजून वर्तुळात बसवलेला नसल्याने नंतरच्या साफसफाईलाही सापडत नसे. २०१९ मध्ये ही त्रुटी सुरक्षेच्या त्रुटींच्या जागतिक यादीत नोंदली गेली. परतण्याआधी बफर सोडून देणे हा दुरुस्तीचा गाभा होता. दुरुस्ती एवढीशी, पण तिथे बफरचा मालक त्या क्षणी कोण होता हे ओळखणे हेच खरे काम होते.

अशा अनेक परतीच्या ओळींवर लिनक्सने शोधलेला उपाय संगणकशास्त्राच्या वर्गात नावडता आहे. एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९६८ साली ‘गो-टू’ या आज्ञेवर कठोर टीका केली आणि तेव्हापासून ती टाळावी असे शिकवले जाते. लिनक्सच्या लेखनशैलीच्या नियमांत मात्र साफसफाईसाठी तीच सुचवलेली आहे. फंक्शनच्या तळाशी परतीच्या पायऱ्या उलट्या क्रमाने लिहायच्या: शेवटी घेतलेले आधी परत, आधी घेतलेले शेवटी. ज्या टप्प्यावर घोटाळा झाला तिथून तळातल्या नेमक्या पायरीवर उडी मारायची, म्हणजे तिच्याखालचे सगळे ओळीने निस्तरले जाते. पायऱ्यांची नावेही त्या काय सोडतात त्यावरून ठेवायची. ही रचना देखणी आहे. पण मधेच कोणी नवी पायरी घुसवली आणि तळाशी तिची जोडीदार लिहायला विसरला, की गळती पुन्हा सुरू.

दुसरे ठिकाण म्हणजे उपकरण काढण्याचा क्षण. गाडीतल्या इलेक्ट्रॉनिक भागांचे कॅन नावाचे जाळे यूएसबीवरून संगणकाला जोडणारी उपकरणे असतात. २०२१ मध्ये त्यांतल्या एका ड्रायव्हरमध्ये गळती सापडली. उपकरण सुरू करताना तो काही खास बफर घेई. यूएसबीचे हार्डवेअर आणि प्रोसेसर या दोघांनाही ते एकाच वेळी पाहता येतात. निरोप आला की तोच बफर पुन्हा कामाला लावला जाई, इथवर ठीक. उपकरण उपटल्यावर ड्रायव्हर चालू मागण्या रद्द करी आणि त्यांबरोबर बफरही गेले असे समजे. प्रत्यक्षात मागणी रद्द होई, बफर राही. त्यांचे पत्ते आधी वेगळे जपून ठेवायचे आणि बंद करताना एकेक बफर हाताने परत करायचा, असा उपाय झाला. मग लक्षात आले की हीच रचना इतर कंपन्यांच्या कॅन ड्रायव्हरांतही आहे, आणि त्या प्रत्येकाला तशीच दुरुस्ती करावी लागली. नवा ड्रायव्हर लिहिणारा जुना चालणारा ड्रायव्हर समोर ठेवूनच लिहितो. त्यामुळे गळतीही वारशाने येते आणि एक सापडली की तिची भावंडे शोधायलाच हवीत.

तिसरा प्रकार सर्वांत फसवा, कारण त्यात परत करणारा दिसायला अगदी बरोबर वागतो. कर्नलमधली बरीचशी मेमरी एकाच मालकाची नसते. उपकरणाची नोंद ड्रायव्हर वापरतो, फाइल सिस्टिम वापरते, उघडी फाइल धरून बसलेला प्रोग्रॅमही वापरतो. म्हणून तिच्यावर संदर्भांची मोजणी ठेवतात: कोणी धरले की आकडा एकाने वाढतो, सोडले की घटतो आणि शून्यावर आला की मेमरी परत जाते. कोणी एकदा धरून सोडायला विसरला, तर आकडा शून्यावर कधीच येत नाही. उपकरण नोंदवण्याच्या फंक्शनवर एक स्पष्ट इशारा लिहिलेला आहे: हे फंक्शन फसले तरी नोंद थेट के-फ्रीने सोडू नये, आपला संदर्भ सोडून द्यावा. कारण उपकरणाचे नाव वेगळ्या मेमरीत ठेवलेले असते. थेट के-फ्री केले तर नोंद जाते, नाव मागे राहते. २०२२ च्या सुमारास लिनक्समध्ये अशा राहून गेलेल्या नावांच्या दुरुस्त्या ओळीने आल्या. गळती एकेका नावाएवढी, पण चूक ठिकठिकाणी तीच.

मोजणीची चूक मेमरी वाया घालवूनच थांबते असेही नाही. जानेवारी २०१६ मध्ये प्रोग्रॅमांच्या गुप्त किल्ल्या सांभाळणाऱ्या लिनक्सच्या व्यवस्थेतली एक त्रुटी उघड झाली, ३.८ या आवृत्तीपासून ती तिथे होती. प्रोग्रॅमने स्वतःचाच किल्ल्यांचा जुडगा पुन्हा मागितला तर वाढलेला संदर्भ सोडला जात नसे. मोजणी ३२ बिटांची. सुमारे ४२९ कोटी वेळा तेच करत राहिले की आकडा फिरून शून्यावर येई आणि वापरात असलेली मेमरी मोकळी समजून दुसऱ्याला दिली जाई. तिथून संगणकाचा पूर्ण ताबा मिळवता येत असे. २०१७ मधल्या ४.११ या आवृत्तीत आलेल्या नव्या मोजणी-प्रकाराने यावर तोडगा दिला. आकडा हद्दीबाहेर गेला की तो तिथेच गोठतो आणि ती मेमरी कधीच सोडली जात नाही. म्हणजे कर्नल तिथे जाणूनबुजून गळती पत्करते, कारण वापरातली मेमरी सोडून देणे त्याहून कितीतरी घातक.

गळती आहे हे ओळखण्याची सुरुवात मोजमापाने होते, आणि पहिला धोका गैरसमजाचा असतो. लिनक्स रिकामी मेमरी रिकामी ठेवत नाही. डिस्कवरून वाचलेल्या फाइली तिच्यात साठवते आणि गरज पडताच ती जागा सोडते. मोकळा आकडा कमी दिसला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पाहायचा तो आकडा कर्नलने स्लॅबमधून घेतलेल्या आणि परत मिळवता न येणाऱ्या मेमरीचा. तो दिवसांमागून दिवस चढतच राहिला आणि काम थांबवल्यावरही उतरला नाही, तर संशय पक्का होतो. ‘स्लॅबटॉप’ ही आज्ञा कोणत्या मापाचे तुकडे फुगत आहेत ते दाखवते. माप कळले की निम्मा शोध लागतो, कारण ड्रायव्हरमधल्या कोणत्या नोंदीचा आकार तेवढा आहे हे शोधता येते.

त्यापुढचे हत्यार म्हणजे ‘के-मेम-लीक’. कॅटालिन मारिनास यांनी लिहिलेले हे साधन २००९ मधल्या २.६.३१ या आवृत्तीत कर्नलमध्ये आले. दिलेल्या प्रत्येक तुकड्याचा पत्ता, आकार आणि तो कोणत्या फंक्शनांच्या साखळीतून मागितला गेला याची नोंद ते ठेवते. मग ठरावीक काळाने, एरवी दर दहा मिनिटांनी, ते कर्नलची मेमरी चाळते आणि पाहते की एखाद्या तुकड्याचा पत्ता अजून कुठे तरी लिहिलेला आहे का. ज्याचा पत्ता कुठेच सापडत नाही तो तुकडा अनाथ. त्याच्या नोंदीतली साखळी वाचली की घेणारे फंक्शन ओळीसकट कळते. कोणी परत करायला हवे होते हे मात्र माणसाने ठरवायचे. साधनाच्या मर्यादाही आहेत. एखादा भलताच आकडा योगायोगाने पत्त्यासारखा दिसला तर अनाथ तुकडा सुटून जातो. सगळ्या नोंदी ठेवण्यात वेळ आणि मेमरी दोन्ही जातात, म्हणून हे साधन चाचणीच्या यंत्रांवरच चालवतात.

मायक्रोसॉफ्टच्या विंडोजने दुसरी वाट धरली. तिथे ड्रायव्हर मेमरी मागताना चार अक्षरांची खूण देतो आणि ‘पूलमॉन’ हे साधन कोणत्या खुणेच्या नावावर किती मेमरी अडकली आहे ते दाखवते. विंडोज २००० पासून असलेला ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ त्याहून कडक आहे. तपासणीखालचा ड्रायव्हर उतरवताना त्याच्या नावावर मेमरी शिल्लक दिसली की तो संगणक तिथेच निळ्या पडद्यावर थांबवतो. उपाय उग्र वाटतो, पण चूक घडल्या जागी पकडण्याला तोड नाही. तीन आठवड्यांनी कोसळणारी यंत्रणा इथे त्याच मिनिटाला बोट दाखवते.

अपयशाची वाट मुद्दाम चालवून पाहण्याची सोयही लिनक्समध्ये आहे. मेमरीची मागणी मधूनच खोटी नाकारली जाईल अशी व्यवस्था लावता येते. पहिली मागणी नाकारा, मग दुसरी, मग तिसरी. दर वेळी ड्रायव्हर नीट मागे फिरतो का ते पाहा. गूगलमध्ये तयार झालेले ‘सिझकॉलर’ हे साधन कर्नलवर अहोरात्र आडवेतिडवे इनपुट फेकते, खोटी यूएसबी उपकरणेही जोडते-काढते, आणि सोबत के-मेम-लीक चालू ठेवते. वर सांगितलेली कॅन ड्रायव्हरची गळती अशाच तपासणीतून पुढे आली. कोड न चालवता नुसता वाचून चुका काढणारी साधनेही आहेत. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेत ज्युलिया लॉल आणि सहकाऱ्यांनी घडवलेले ‘कॉक्सिनेल’ एका नमुन्यावरून लाखो ओळींत तीच चूक शोधते आणि दुरुस्तीही सुचवते. ड्रायव्हरांवर एवढा रोख असण्याला आधार आहे: स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २००१ साली दाखवले होते की ड्रायव्हरमधल्या चुकांचे प्रमाण उरलेल्या कर्नलच्या तीन ते सात पटींपर्यंत जाते.

गळती सापडली की घाईने के-फ्री लिहून मोकळे होणे हा मात्र सर्वांत मोठा धोका. तोच तुकडा दुसऱ्या वाटेने आधीच सोडला जात असेल, तर तो दोनदा सुटतो. कोणी अजून वापरत असेल, तर सोडलेल्या मेमरीत लिहिले जाते. गळतीने संगणक मंदावतो, या चुकांनी तो कोसळतो किंवा चोराच्या हाती जातो. एक ओळ वाढवणारी अशी दुरुस्ती निरुपद्रवी दिसते आणि तपासणाऱ्याचे लक्षही ढिले पडते. मिनेसोटा विद्यापीठातल्या काही संशोधकांनी २०२० मध्ये याच ढिलाईची परीक्षा घेतली. छोट्या दुरुस्तीच्या आडून सोडलेली मेमरी वापरण्याची चूक शिरवता येते का, हे पाहायला त्यांनी न सांगता तसे बदल पाठवले. एप्रिल २०२१ मध्ये प्रकरण पेटले, त्या विद्यापीठाकडून येणारे बदल थांबवले गेले, जुने बदल पुन्हा तपासावे लागले आणि शोधनिबंध मागे घेतला गेला. तपासणीत फुकट राबणाऱ्या माणसांना असे वापरणे चूकच होते. त्यांनी हेरलेली कमजोरी मात्र खरी होती.

म्हणून चांगल्या दुरुस्तीसोबत कारण लिहिलेले असते: तुकडा कुठे घेतला, कोणत्या वाटेवर राहून गेला, सोडणे इथेच का योग्य. ही चूक ज्या जुन्या बदलाने आली त्याची ओळखही ‘फिक्सेस’ या ओळीत देतात, म्हणजे जुन्या टिकाऊ आवृत्त्या सांभाळणाऱ्यांना ती दुरुस्ती कुठवर मागे न्यायची ते कळते. मग ड्रायव्हर शेकडो वेळा चढवून-उतरवून पाहतात, के-मेम-लीक शांत राहते का ते तपासतात, आणि सोडलेल्या मेमरीला हात लागताच ओरडणारे ‘केसॅन’ हे साधनही सोबत चालवतात.

गळती उपजूच नये यासाठीचे प्रयत्न वेगळे. २००७ मध्ये तेजुन हिओ यांची ‘डेव्ह-रेस’ ही व्यवस्था २.६.२१ या आवृत्तीत आली. तिच्यात मेमरी उपकरणाच्या नावावर घेतली जाते आणि प्रोब फसला किंवा उपकरण गेले की कर्नल ती आपोआप उलट्या क्रमाने सोडते. हजारो ड्रायव्हरांतल्या परतीच्या पायऱ्या त्यामुळे गळून पडल्या. तिचीही एक अडचण आहे. यूएसबी कॅमेरा उपटला तरी व्हिडिओचा प्रोग्रॅम त्याची फाइल उघडी धरून असतो. उपकरणासोबत मेमरी गेली तर त्या प्रोग्रॅमच्या पायाखालची जमीन जाते. तिथे संदर्भांची मोजणीच लागते. २०२३ मधल्या ६.५ या आवृत्तीपासून एक आणखी सोय झाली: फंक्शन संपताच एखादा चल आपल्याकडची मेमरी स्वतः सोडेल, असे तो जाहीर करतानाच लिहून ठेवता येते. गो-टूच्या तळाच्या पायऱ्या त्यामुळे बऱ्याच ठिकाणी अनावश्यक होत आहेत.

डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ या आवृत्तीसोबत रस्ट भाषेलाही लिनक्सच्या कर्नलमध्ये जागा मिळाली. रस्टमध्ये प्रत्येक तुकड्याला एक मालक असतो आणि मालक संपला की तुकडा सुटतो. सोडलेली मेमरी वापरू पाहणारा कोड कंपायलर सहसा पुढे जाऊ देत नाही. गळती होणारच नाही असे वचन मात्र ही भाषा देत नाही. दोन नोंदींनी एकमेकींना धरून ठेवले तर दोघींची मोजणी शून्यावर येत नाही, आणि रस्टच्या नियमांत ते सुरक्षितच समजले जाते. ज्या यादीत ड्रायव्हर रोज नोंदी घालतो आणि एकही काढत नाही, त्या यादीच्या बाबतीत तर सगळीच साधने गप्प बसतात. तिथे प्रत्येक तुकड्याला मालक आहे आणि प्रत्येकाचा पत्ता यादीत लिहिलेला आहे, म्हणून के-मेम-लीकलाही तिथे अनाथ सापडत नाही. त्यातली कोणती नोंद आता कोणालाच लागणार नाही, हे तो ड्रायव्हर आणि ते उपकरण जाणणाऱ्या माणसालाच ठरवावे लागते.